दिवाळीत भरायचा उन्हाळ्याचा अर्ज

कबनूर-इचलकरंजीच्या मागांशेजारी वाढलेल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींपर्यंत संशोधनाचा उन्हाळा कसा पोहोचेल?

दिवाळीच्या आगेमागे कबनूरच्या यंत्रमाग कारखान्यांत बोनसचा हिशेब चाललेला असतो आणि महाविद्यालयांत सत्रपरीक्षांची घाई असते. नेमक्या याच दिवसांत देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन संस्था मिळून ही योजना चालवतात. निवड झालेला विद्यार्थी एखाद्या नामांकित संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करतो आणि त्याला विद्यावेतनही मिळते. अर्जाची मुदत साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस संपते. उन्हाळा तेव्हा सहा महिने लांब असतो. परीक्षा उरकून एप्रिलमध्ये 'सुट्टीत काय करायचं?' असा विचार सुरू करणाऱ्या मुलासाठी हे दार केव्हाच बंद झालेले असते.

या भागातल्या मुलामुलींकडे बुद्धी आहे आणि अवतीभवती प्रश्नांची खाणही आहे. अडते ते तीन ठिकाणी. तारीख वेळेवर कळत नाही, परगावी राहण्याचा खर्च झेपत नाही आणि 'तू अर्ज कर, मी वाचून देतो' असे म्हणणारे माणूस जवळ नसते. या तिन्ही अडचणी आपल्याच माणसांना दूर करता येतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

माग आणि महाविद्यालये

हातकणंगले तालुक्यातले कबनूर इचलकरंजीला असे चिकटले आहे, की गाव कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले हे नवख्याला सांगता येणार नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर तो धंदा रुजला आणि पुढे आसपासच्या गावांत पसरला. आज कबनूरच्या गल्ल्यांतून घराला लागूनच माग आहेत. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले यंत्रमागधारक, वहिफणी करणारे, कांडी भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारे जॉबर अशी कामाची पूर्ण साखळी इथे नांदते.

याच पट्ट्यात तंत्रशिक्षणही दाट आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. इचलकरंजीच्या राजवाड्यात १९८२ साली 'डीकेटीई' ही शिक्षणसंस्था सुरू झाली. वस्त्रतंत्रज्ञानासाठी ती देशभर ओळखली जाते आणि नॉनवोव्हन कापडाचे उत्कृष्टता केंद्रही तिच्याकडे आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पश्चिम महाराष्ट्रात ती झपाट्याने वाढली. यड्राव, वारणानगर, साखराळे, कोल्हापूर अशा ठिकाणांहून आज संगणक आणि अभियांत्रिकीचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतले काही पुढे एम.टेक.ला जातात.

यांतल्या बहुतेकांच्या लेखी इंटर्नशिप म्हणजे कंपनीतला सराव आणि त्यातून मिळाली तर नोकरी. ते योग्यच आहे, घर चालवायचे असते. पण ज्याचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नावर दोन महिने काम करणे हा निराळाच अनुभव असतो. आपल्याकडच्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला तो येतो.

दोन महिन्यांत घडते काय?

पहिला आठवडा वाचनात जातो. मार्गदर्शक चार-पाच शोधनिबंध पुढे ठेवतो. त्यांतला एखादा निवडून त्यातला निकाल स्वतःच्या संगणकावर पुन्हा काढून बघ, असे सांगतो. संगणकशास्त्रात खरी शिकवण बहुधा इथेच मिळते. निबंधात छापलेला आकडा आपल्याकडे येत नाही. मग कळते, की माहिती कशी स्वच्छ केली, कोणते नमुने वगळले, सुरुवातीचे आकडे कोणते धरले, या निबंधात एका ओळीत उरकलेल्या गोष्टींवर सारा निकाल अवलंबून असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूळ निकाल हाती लागला, की त्यात एकच बदल करून परिणाम पाहायचा. एकाच वेळी चार बदल केले तर कशाने काय झाले हे सांगता येत नाही. सातव्या आठवड्यात लेखन आणि शेवटी सगळ्यांसमोर वीस मिनिटांचे भाषण. 'हे असे का?' या प्रश्नाला 'माहीत नाही, पण असे करून शोधता येईल' असे उत्तर देण्याचे धैर्य तिथे येते.

एम.टेक.च्या विद्यार्थ्याला याचा फायदा अधिक थेट होतो. पहिले वर्ष संपून प्रबंध सुरू होण्याच्या मधला उन्हाळा त्याच्या हाताशी असतो. त्या दोन महिन्यांत नीट उभा केलेला प्रश्न पुढच्या वर्षाच्या प्रबंधाचा पाया होतो. शिवाय मार्गदर्शकाचे शिफारसपत्र मिळते. वर्गात मागच्या बाकावर पाहिलेल्या मुलाबद्दल प्राध्यापक 'हुशार आणि मेहनती' यापलीकडे फारसे लिहू शकत नाही. आठ आठवडे बरोबर काम केलेला शास्त्रज्ञ मात्र त्याने कुठे अडखळून कशी वाट काढली ते लिहितो. पीएच.डी.च्या प्रवेशात अशा पत्राला फार मोल असते.

विद्यार्थीदशेतल्या कामातून थोर निष्कर्ष निघाल्याची उदाहरणे आहेत. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवणारी पद्धत २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आयआयटीतून जाहीर झाली. प्रा. मणींद्र अग्रवाल यांच्याबरोबर ती शोधणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी या प्रश्नावर बी.टेक.च्या प्रकल्पापासून काम सुरू केले होते आणि त्या उन्हाळ्यात ते पुरे केले. २०१७ साली गुगलच्या आठ जणांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना मांडली. आजची भाषा समजणारी कृत्रिम बुद्धिमत्ता तिच्यावर उभी आहे. त्या आठांतला एडन गोमेझ तेव्हा पदवीचे शिक्षण घेणारा इंटर्न होता. त्यांतल्याच निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून पुढे गेल्या होत्या. प्रत्येक उन्हाळा असे फळ देणार नाही. पण योग्य प्रश्नाजवळ, योग्य माणसांच्या संगतीत असण्याची संधी मिळाली तरच ते शक्य होते.

दार उघडून ठेवणाऱ्या संस्था

जगात ही पद्धत रुळून बरीच वर्षे झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९६२ पासून उन्हाळी विद्यार्थी येतात. अमेरिकेत एमआयटीने १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची योजना सुरू केली आणि १९८७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने देशभर अशा उन्हाळ्यांना पैसा पुरवायला सुरुवात केली.

आपल्याकडे या विचाराला कोल्हापूरशी नाते असलेल्या माणसाने आकार दिला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, तीच विद्यापीठांतल्या मुलांना आणि शिक्षकांना मोठ्या संशोधनाची सामग्री मिळावी म्हणून. आयुकाच्या सुट्टीतल्या विद्यार्थी कार्यक्रमात पदवीला एक वर्ष उरलेले विद्यार्थी उन्हाळाभर एका प्रकल्पावर काम करतात. चांगले काम केलेल्यांना पुढे पीएच.डी.साठी आधीच निवडले जाण्याची वाटही तिथे आहे. हे फक्त भौतिकीवाल्यांसाठी, असा समज अभियांत्रिकीच्या मुलांनी काढून टाकावा. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांतून येणारा माहितीचा लोंढा हाताळणे आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आकाराला येणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची यंत्रणा नियंत्रित करणे ही संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचीच कामे आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आपल्या उन्हाळी कार्यक्रमात गणित आणि भौतिकीबरोबर संगणकशास्त्राचे विद्यार्थी घेते.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी निराळा मार्ग दाखवला. त्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये देशभरच्या साध्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले पवईला येत आणि गटागटाने खरी, लोकांच्या उपयोगाची सॉफ्टवेअर बनवत. त्याच संस्थेतला 'फॉसी' हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना उन्हाळी फेलोशिप देतो. तिथे निवडीसाठी गुणपत्रिकेपेक्षा आधी दिलेले काम करून दाखवण्याला महत्त्व असते. विद्युत मंडलांसाठीचे 'ई-सिम', पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठीचे 'ओसडॅग' अशा साधनांत मुलांनी भर घातली आहे. ज्याचे बारावीचे किंवा पहिल्या वर्षाचे गुण कमी पडले, पण हात चांगला चालतो, अशा मुलासाठी हे दार सर्वांत मोकळे आहे.

राहायचे कुठे?

आता खर्चाचे पाहू. अनेक उन्हाळी जागांना विद्यावेतन नसते. काही ठिकाणी वसतिगृहाचे भाडेही विद्यार्थ्यानेच भरायचे असते. पवईत किंवा बंगळुरात दोन महिने राहायचे तर खोली, जेवण, प्रवास सगळे घरून. ज्या घरात वडील दोन पाळ्यांचे माग सांभाळतात आणि सुट्टीत मुलगाही कारखान्यात हातभार लावतो, त्या घराला हा खर्च दुहेरी पडतो: पैसे जातात आणि मिळणारी कमाईही बुडते. मुलीच्या बाबतीत याशिवाय 'कुठे राहणार, कोणाबरोबर राहणार' हा प्रश्न असतो. त्याचे ठाम उत्तर मिळाल्याखेरीज घरचे होकार देत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच शोधले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे जैन, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे आली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोहोचायचा असेल तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी, हे महाराजांनी ओळखले होते. उन्हाळी संशोधनालाही हाच नियम लागू आहे. शिष्यवृत्तीची जाहिरात सगळ्यांसाठी खुली असली आणि राहण्याची सोय नसली, तर ती जागा ज्या मुलाची मावशी पवईला राहते त्यालाच मिळते.

म्हणून विद्यावेतन आणि आवारातले वसतिगृह या गोष्टी कुणावरचा उपकार नाहीत. त्या असतील तरच निवड गुणांवर झाली असे म्हणता येते. गेट देऊन एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला एआयसीटीई महिन्याला १२,४०० रुपये देते. गेटशिवाय आलेल्याला ते मिळत नाहीत, आणि आपल्या भागातल्या अनेक वर्गांत अशी मुले असतात. त्यांच्यासाठी दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज महाविद्यालयांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि इथल्या व्यापारी संघटनांनी करायला हवी.

दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन 'संशोधन इंटर्नशिप'चे प्रमाणपत्र विकणारी दुकाने निघाली आहेत. घरबसल्या चार ध्वनिचित्रफिती पाहायच्या, तयार प्रकल्प उतरवून घ्यायचा आणि शिक्का मिळवायचा. पालकांनी एकच खूण लक्षात ठेवावी. मार्गदर्शकाचे नाव, त्याने आजवर छापलेले काम आणि आठवड्याला तो किती वेळ देणार हे सांगता येत नसेल, तर तिथे एक रुपयाही भरू नये.

कबनूरमध्येच असलेला प्रश्न

मुलांना बाहेर पाठवायला हवेच. पण जगाने अजून नीट न सोडवलेले प्रश्न इथल्या गल्लीतही आहेत. कापडातले दोष हेच उदाहरण घेऊ.

यंत्रावरच्या कॅमेऱ्याने तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग ओळखायचा, हा संगणकीय दृष्टीचा जुना विषय आहे. त्यावरच्या कितीतरी प्रबंधांत वापरला जाणारा छायाचित्रांचा एक संच स्पेनमधल्या आल्कॉय या वस्त्रगावात तयार झाला. तिथल्या 'आयटेक्स' संस्थेच्या या संचात सात प्रकारच्या कापडांची २४५ छायाचित्रे आहेत, त्यांत १४० निर्दोष आणि १०५ सदोष. २०१९ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून देशोदेशींचे विद्यार्थी आपली पद्धत त्यावर पारखतात. विणकरांच्या एका गावाने २४५ चित्रे जगाला खुली केली, एवढ्याने ते गाव या शास्त्राच्या नकाशावर आले.

इथला प्रश्न त्याहून थोडा वेगळा आहे, आणि त्यातच नावीन्य आहे. इचलकरंजीत मजुरीचा दर ५२ पिकाच्या कापडावर ठरतो. पीक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा; इंचाला ५२ पीक म्हणजे मीटरला सुमारे २,०५० पीक. साधा माग मिनिटाला सव्वाशे ते दीडशे पीक टाकतो असे धरले तर एक मीटर कापड व्हायला चौदा ते सोळा मिनिटे लागतात. एअरजेट माग याच्या पाच-सहा पट वेगाने चालतो. परदेशातली यंत्रणा अशा वेगवान मागांसाठी महागडे कॅमेरे आणि जड संगणक वापरते. साध्या मागावर मीटरला पाव तास मिळतो. मग साधा मोबाइल कॅमेरा आणि तळहाताएवढा स्वस्त संगणक पुरेल का? ट्यूबलाइटचा अपुरा उजेड, भिंगावर सतत बसणारी रुईची धूळ, मागाचा हादरा आणि कमीजास्त होणारा वीजदाब या परिस्थितीत ती पद्धत किती टिकेल? हे खरे संशोधनाचे प्रश्न आहेत. वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून ते सुचणारच नाहीत.

त्याहून खोल प्रश्न मजुरीशी जोडलेला आहे. तागा तपासताना दोष निघाला, की तो सुताचा, सायझिंगचा, मागाचा की विणणाऱ्याचा, यावरून वाद होतो आणि तोटा बहुधा सर्वांत कमकुवत माणसाच्या माथी बसतो. दोष ओळखणाऱ्या यंत्रणा पुष्कळ आहेत. दोषाचे कारण पुराव्यानिशी सांगणारे साधन खर्चीवाल्याच्या आणि कामगाराच्या हाती आले, तर त्यांची बाजू बळकट होईल. कॅमेरा कापडावर असावा, माणसावर नसावा, हे पथ्य ज्याने घरात मागाचा खडखडाट ऐकला आहे तोच सुरुवातीपासून पाळेल. मागाच्या आवाजाने कानांवर होणारा परिणाम मोजणे आणि पंचगंगेच्या पाण्यावर सतत लक्ष ठेवणारी स्वस्त संवेदक यंत्रणा उभारणे हेही असेच विषय आहेत. २०१२ ची काविळीची साथ इचलकरंजी विसरलेली नाही.

आता करायचे काय?

विद्यार्थ्यांसाठी वर्षाचा क्रम असा असतो. कॅनडाच्या 'मायटॅक्स' योजनेची मुदत दिवाळीआधीच, साधारण सप्टेंबरात संपते. जर्मनीच्या 'डाड'च्या उन्हाळी योजनेसाठी तिथल्या प्राध्यापकाचे निमंत्रण लागते आणि तिची मुदतही शरद ऋतूतच असते. नोव्हेंबर अकादमींचा. टाटा संस्था, आयुका आणि निरनिराळ्या आयआयटींच्या जाहिराती पुढे हिवाळ्यात आणि वसंतात येतात. नेमकी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून संस्थेच्या सूचनाच पाहाव्यात.

प्राध्यापकाला पत्र लिहिताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नये. पाच जण निवडावेत, प्रत्येकाचा एक निबंध खरोखर वाचावा आणि पत्रात तीन गोष्टी सांगाव्यात: त्यातले काय समजले, कुठे अडले आणि त्यावर स्वतः काय करून पाहिले. इंग्रजी साधे असले तरी चालते. स्वतः चालवलेल्या कोडचा दुवा दहा विशेषणांहून अधिक बोलतो. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पुढच्या वर्षी तोच अर्ज अधिक तयारीने करावा.

शिक्षकांकडून एक मागणे आहे. प्रत्येक विभागाने एका शिक्षकाकडे हे काम अधिकृतपणे सोपवावे. जुलैत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आणि एम.टेक.च्या वर्गांना तारखा सांगाव्यात, ऑक्टोबरात अर्ज वाचून द्यावेत, शिफारसपत्र मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवावे. विद्यापीठाच्या परीक्षा जूनपर्यंत लांबल्या, की निवड झालेल्या मुलालाही जाता येत नाही. अशा विद्यार्थ्यांच्या परीक्षेची आधी किंवा नंतर सोय करण्याचा नियम व्हायला हवा. अकादमींची योजना शिक्षकांसाठीही आहे. स्वतः एक उन्हाळा संशोधनात घालवलेला शिक्षक परत आला, की त्याच्या मागून वर्षानुवर्षे मुले जात राहतात.

आणि शेवटचे मागणे इचलकरंजी-कबनूर परिसराकडे. इथला स्वतःचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम सुरू व्हावा. वीस विद्यार्थी, आठ आठवडे. निम्मे इथले आणि निम्मे बाहेरून आलेले, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांनाही मागाजवळ उभे राहावे लागेल. वस्त्रतंत्र, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक मिळून मार्गदर्शन करतील, जॉबर आणि वहिफणी कामगार मानधन घेऊन शिकवतील, कारखानदार दोन-चार माग प्रयोगासाठी देतील. तांत्रिक वस्त्रांच्या राष्ट्रीय मोहिमेत इंटर्नशिपला अनुदानाची सोय आहे, तिचा आधार घेता येईल. पहिल्या उन्हाळ्याचे उद्दिष्ट छोटे आणि पक्के असावे: ५२ पिकाच्या कापडातल्या दोषांचा, प्रत्येक दोषाच्या नोंदवलेल्या कारणासह, जगाला खुला असलेला छायाचित्रसंच. वीस मुलांना आठ आठवड्यांत हे जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारे कापड, कसबी माणसे आणि महाविद्यालये इथे आहेतच. पैसे उभे करून तारीख ठरवण्याचे काम या दिवाळीत सुरू केले, तर पहिली तुकडी येत्या मे महिन्यात मागांजवळ कामाला लागू शकते.